टाचेचे दुखणे आणि तापाची गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



औषधाने पोट बिघडते, तोंड येते, अंगावर पुरळ उठते, हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. पण तापाच्या किंवा लघवीच्या जळजळीच्या गोळीने टाचेवरची जाड शीर दुखू लागते, आणि तशीच चालत राहिले तर ती मधूनच तुटते, असे कुणी सांगितले तर आपण त्या माणसालाच वेड्यात काढू. मी आज तेच सांगायला उभी आहे. मी डॉक्टर नव्हे की परिचारिका नव्हे. आमच्या घरात हे घडले म्हणून डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारले, माझी भाची औषधनिर्माणशास्त्र शिकते तिच्याकडून औषधाच्या खोक्यातले बारीक अक्षरांचे कागद वाचून घेतले, आणि त्यातून जे समजले ते आपल्यापुढे मांडते.

प्रथम हे सांगते की सगळ्या जंतुनाशक गोळ्यांची ही गोष्ट नाही. हल्ली आपण सरसकट सगळ्यांनाच ‘अँटिबायोटिक’ म्हणतो, पण त्यांत जाती आहेत, जशा तांदळात असतात. कोलम आणि आंबेमोहोर दोन्ही तांदूळच, पण शिजतात निरनिराळे. टाचेच्या शिरेला धोका आहे तो एका जातीच्या गोळ्यांपासून. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही तिच्यातली आपल्याकडे नेहमी मिळणारी नावे. नावे तोंडात बसायला अवघड आहेत खरी, पण सगळ्यांचे शेपूट एकच आहे, ते ध्यानात ठेवा. गोळ्यांच्या पाकिटावर कंपनीने दिलेले मोठे नाव काहीही असो, त्याच्या जवळपास औषधाचे खरे नाव इंग्रजीत छापलेले असते. त्या नावात एफ, एल, ओ, एक्स ही चार अक्षरे लागोपाठ दिसली की ती गोळी या घराण्यातली. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी नातवंडांना ही चार अक्षरे शोधायला सांगावीत. मुलांना अशा शोधाशोधीची भारी हौस असते.

या गोळ्या आपल्या घराघरांत कशा शिरल्या तेही पाहण्यासारखे आहे. १९६२ साली अमेरिकेत हिवतापाचे क्लोरोक्विन तयार करताना एक जोडपदार्थ हाती लागला, आणि त्यातून नॅलिडिक्सिक ॲसिड नावाचे लघवीच्या विकारावरचे औषध निघाले. ते या घराण्याचे मूळ. पुढे त्यात सुधारणा होत होत १९८० नंतरच्या काळात आजच्या गोळ्या आल्या. आपल्याकडे विषमज्वरावर, म्हणजे टायफॉइडवर, पूर्वी क्लोरॅम्फेनिकॉल देत असत. त्याला जंतू जुमानीनासे झाले तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिनने हजारो रोगी वाचवले, हे विसरता कामा नये. माणूस अंथरुणाला खिळलेला असायचा, तो गोळ्या घेऊन आठवड्याभरात उठून बसायचा. औषध स्वस्त, गोळी तोंडाने घेता येते, इंजेक्शनची कटकट नाही. मग ते जुलाबाला आले, खोकल्याला आले, कानाला आले, दाढदुखीलाही आले. आपल्या वसई-विरारमध्ये तर दर पावसाळ्यात त्याचा हंगामच असतो. २०१८ च्या जुलैत नालासोपारा, वसई पाण्यात होते आणि गाड्या बंद पडल्या होत्या, ते दिवस सर्वांना आठवत असतील. असे पाणी ओसरले की घरोघर जुलाब आणि ताप, आणि गल्लोगल्ली हीच गोळी.

आता ती शीर म्हणजे काय ते पाहू. पायाची टाच आणि पोटरी यांच्यामध्ये, मागच्या बाजूला चिमटीत धरून पाहा. एक घट्ट दोरी हाताला लागते. तिला शास्त्रात कंडरा म्हणतात. पोटरीचे मांस खाली निमुळते होत जाते आणि या दोरीने टाचेच्या हाडाला बांधलेले असते. पोटरी आखडली की दोरी ओढली जाते, टाच उचलते, आणि आपण पाऊल टाकतो. ज्यांच्या घरी मटण शिजते त्यांनी बकऱ्याच्या पायाच्या टोकाला पांढरी चिवट वादी पाहिली असेल. सुरीने कापता कापत नाही. तीच जात. अशा दोऱ्या खांद्याला आहेत, मनगटाला आहेत, अंगठ्याला आहेत, पण टाचेवरची सर्वांत जाड, कारण साऱ्या देहाचा भार तिच्यावर.

आपल्या जुन्या वाड्यांतून रहाट होते, ते माझ्या वयाच्या बायकांनी लहानपणी पाहिले असतील. रहाटाचा काथ्याचा दोर वर्षानुवर्षे पाणी उपसतो. तो टिकतो कशामुळे? घरातला कुणी म्हातारा माणूस रोज त्याच्यावरून हात फिरवतो, सुटलेला पेड वळतो, झिजला तेथे नवा काथ्या घालतो. शरीरातल्या या दोरीतही असे बारीक कारागीर बसलेले असतात. जुना धागा काढायचा, नवा वळायचा, हे त्यांचे अखंड काम. या गोळ्यांतले औषध त्या कारागिरांना लागणारे मॅग्नेशियम आपल्याकडे धरून ठेवते, आणि जुना धागा विरघळवणारा रस मात्र वाढवते, असे शास्त्रज्ञांना प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे उसवणे चालू आणि विणणे बंद. दोर वरून धड दिसतो, आतून विरतो. त्यात टाचेच्या वर दोन-चार बोटांवर रक्ताचा पुरवठा मुळातच बेताचा. तुटते ते बहुधा तिथेच.

आता आमच्या घरची हकीकत सांगते. माझ्या सासूबाई सहासष्ट वर्षांच्या. दमा जुना. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात दमा उसळला तेव्हा त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. त्याने धाप कमी झाली, पण कफ पिवळा पडू लागला आणि ताप आला. नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते म्हणून दुसऱ्या दवाखान्यात नेले, तिथे सात दिवसांच्या लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या मिळाल्या. पहिल्याने काय दिले ते दुसऱ्याला कुणी विचारले नाही. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. घरात आनंद झाला.

चौथ्या दिवशी सकाळी सासूबाई अंथरुणातून उठल्या आणि म्हणाल्या, “टाच भरून आलीये गं.” डावी टाच, मागच्या बाजूला, थोडी सूज. घरात चार जणी जमल्या की चार मते होतात. कुणी म्हणाले वात आहे, कुणी म्हणाले चपलेने लागले असेल. औषधाच्या दुकानातून हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या सुचवण्यात आल्या. सासूबाईंचा स्वतःचा भरवसा तेल लावणाऱ्या बाईवर. ती तीन दिवस संध्याकाळी येऊन कोमट तेलाने ती शीर रगडून गेली. सासूबाई तशा काटक. लंगडत लंगडत सगळी कामे चालू होती, गोळ्याही वेळेवर चालू होत्या.

कोर्स संपला त्याच दिवशी त्या नणंदेकडे जायला निघाल्या. स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना, पाच-सहा पायऱ्या झाल्या असतील, फट्‌दिशी आवाज झाला. माझा मुलगा बरोबर होता, त्यानेही तो ऐकला. सासूबाईंना वाटले मागून कुणीतरी काठी मारली. त्या वळून मागच्या माणसावर ओरडल्या, “मारतोस काय रे मेल्या?” तो बिचारा हातात डबा घेऊन उभा. मग त्यांनी पुढचे पाऊल टाकायला पाहिले, तर पायात जोरच नाही. पाऊल नुसते लुळे. दुखत म्हणावे तर तितकेसे दुखत नव्हते. पुढे डॉक्टरांनी सांगितले की बहुतेकांना असेच वाटते, मागून लाथ बसल्यासारखे.

हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना पालथे निजवून नुसती पोटरी दाबली. धडधाकट पायाची पोटरी दाबली तर पाऊल आपोआप हलते. यांचे हलले नाही. तेवढ्यानेच त्यांनी ओळखले, सोनोग्राफी पुढे केली ती खात्रीसाठी. आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो आम्हांला कुणालाच अपेक्षित नव्हता. “गेल्या महिन्यात कोणती औषधे घेतलीत?” सासूबाई जुनी पाकिटे बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवतात. एरवी आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करतो, पण त्या दिवशी तो डबाच उपयोगी पडला. दोन्ही पाकिटे समोर ठेवल्यावर डॉक्टर म्हणाले, “वय साठीच्या पुढे, स्टिरॉइड चालू आणि वर ही गोळी. तिन्ही एकत्र आली.”

वय आणि दमा पाहून शस्त्रक्रिया केली नाही. पाऊल खाली वळवून प्लास्टर घातले, नंतर उंच टाचेचा बूट, मग व्यायाम. सगळे मिळून पाच महिने. जीवदानीच्या तेराशेच्या वर पायऱ्या दर नवरात्रात चढणारी बाई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी हात धरायला कुणाची तरी वाट पाहत बसायची. आता चालतात, बाजारालाही जातात, पण एका पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही. फळीवरचा डबा काढायला मला हाक मारतात. ज्या बाईने आयुष्यभर कुणाला हाक मारली नाही तिला त्याचे फार लागते.

हे आमच्याच नशिबी आले असे मला बरेच दिवस वाटत होते. भाचीने कागद वाचून दाखवले तेव्हा कळले की ही गोष्ट जगाला चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी १९८३ साली, मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांना नॉरफ्लॉक्सासिन दिल्यावर कंडरा सुजल्याचे पहिल्याने छापून प्रसिद्ध केले होते. पुढे देशोदेशींहून अशी वृत्ते येत राहिली. अमेरिकेत पब्लिक सिटिझन नावाची सामान्य नागरिकांची एक संस्था आहे. तिने २००६ साली तिथल्या औषध खात्याकडे अर्ज केला की या गोळ्यांवर ठळक इशारा छापा. उत्तर येईना, तेव्हा जानेवारी २००८ मध्ये ती कोर्टात गेली. आणि त्याच वर्षी जुलैत खात्याने काळ्या चौकटीतला इशारा छापण्याचा हुकूम काढला. पहिल्या वृत्तापासून चौकटीपर्यंत पंचवीस वर्षे लागली! तीसुद्धा नागरिकांनी पाठ धरली तेव्हा. मंडळे काय करू शकतात असे कुणी विचारले तर मला ही गोष्ट आठवते.

त्यानंतर २०१६ साली त्याच खात्याने सांगितले की साधी सर्दी-सायनस, साधा छातीचा कफ आणि लघवीचा साधा संसर्ग यांवर दुसरे औषध चालत असेल तर या गोळ्या देऊ नयेत. २०१८ साली युरोपातल्या औषध संस्थेने तसेच निर्बंध घातले, आणि ब्रिटनने जानेवारी २०२४ मध्ये त्याहून कडक नियम केला की दुसरे कोणतेही योग्य जंतुनाशक देता येत नसेल तेव्हाच या द्याव्यात. कंडरेखेरीज हातापायांच्या मज्जातंतूंना मुंग्या येणे, बधिरपणा, मन बिघडणे हेही दुष्परिणाम त्या इशाऱ्यांत आहेत. पण त्या सगळ्यांत आज शिरत नाही, आपला विषय टाचेचा.

हे ऐकून कुणी घरी जाऊन सगळ्या गोळ्या फेकून देऊ नयेत. हा अपाय दुर्मिळ आहे. औषध घेणाऱ्या दहा हजारांत दहा जणांनाही तो होत नाही. पण तो सगळ्यांना सारखा होत नाही, ही मेख आहे. साठीच्या पुढची माणसे, स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारी माणसे, मूत्रपिंड अधू असलेली, आणि मूत्रपिंड, हृदय किंवा फुप्फुस बदललेली माणसे, यांना तो कितीतरी अधिक होतो. आणि पाहा, दमा, संधिवात, ही दुखणी म्हातारपणीही असतात, स्टिरॉइड त्यांनाच मिळते, छातीत कफ त्यांचाच होतो. म्हणजे जिला धोका जास्त तिच्याच हातात ही गोळी जाण्याचा संभव जास्त. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही स्टिरॉइडची नावे. गुडघेदुखीवर कुणी नाव न सांगता बारीक पांढऱ्या गोळ्या पुडीत बांधून देत असेल तर त्यातही तेच असू शकते. नव्या डॉक्टरांकडे जाताना जुनी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत आणि विचारण्याची वाट न पाहता टेबलावर ठेवावीत.

दुखणे कधी सुरू होईल त्याला नेम नाही. कुणाला दोन दिवसांत, बहुतेकांना पहिल्या दोन आठवड्यांत, तर कुणाला गोळ्या संपून महिने लोटल्यावर. दहांत नऊ वेळा टाचेचीच कंडरा धरली जाते, आणि जवळजवळ निम्म्या रोग्यांत दोन्ही पाय. म्हणून या गोळ्या चालू असताना किंवा नुकत्याच संपल्या असताना टाचेच्या मागे, खांद्यात, मनगटात, अंगठ्यात नवीन दुखणे किंवा सूज आली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ते बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचे औषध देऊ शकतात. गोळी थांबवून आजार तसाच ठेवायचा नाही, हे लक्षात असू द्या. आणि तोवर पायाला विश्रांती. तेल नाही, रगडणे नाही, ताणून मोकळे करणे नाही, जिना नाही. तेल लावणाऱ्या बाईचा हात चांगला असतो, पण विरलेल्या दोराला पीळ घातला तर दोर काय करणार? डोळ्यांत किंवा कानात घालायचे याच औषधाचे थेंब असतात, त्यांना हा इशारा लागू नाही; उगीच घाबरू नये.

आता थोडे आपल्या बायकांविषयी. सभेत पुरुषमंडळी फारशी नाहीत म्हणून मोकळेपणी बोलते. आपल्यातल्या कितीजणी पहाटेच्या गाडीने फुले, भाजी घेऊन दादरला जातात, कितीजणी कचेरीत जातात. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. गर्दीत उभे राहायचे, स्टेशनवरची मुतारी जाण्याच्या लायकीची नसते, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचे नाही आणि आली तरी दाबून धरायचे. त्यातून लघवीला जळजळ. मग औषधाच्या दुकानात हळूच सांगायचे, आणि दुकानदार नॉरफ्लॉक्सासिनच्या नाहीतर ऑफ्लॉक्सासिनच्या सहा गोळ्या देतो. दर दोन महिन्यांनी तेच. माझ्या परिचयातली एक बाई तर या गोळ्यांना ‘गाडीची गोळी’च म्हणते!

यात दुहेरी नुकसान आहे. एक तर ज्या साध्या दुखण्याला ही गोळी देऊ नये असे मोठमोठे देश सांगतात, नेमके तेच हे दुखणे. दुसरे असे की लघवीचा संसर्ग बहुधा ई-कोलाय नावाच्या जंतूने होतो, आणि आपल्या देशातल्या मोठ्या इस्पितळांच्या तपासण्यांत तो जंतू या गोळ्यांना बहुतेक वेळा दाद देत नाही असे दिसते. म्हणजे शिरेचा धोका पत्करायचा आणि गुण येईलच असेही नाही. साध्या जळजळीला नायट्रोफ्युरँटॉइनसारखी दुसरी औषधे आहेत; लघवी तपासून डॉक्टर ठरवतात. गरोदरपणी तर दुकानातून आणून काहीही घेऊ नये. आणि मुतारी स्वच्छ हवी ही मागणी आपण मंडळातर्फे लेखी केली पाहिजे, असे माझे जुनेच म्हणणे आहे. औषधाचा खर्च आपण करायचा आणि मुताऱ्यांना कुलूप, हा कुठला न्याय?

ज्या बायका रक्तवाढीसाठी लोहाच्या गोळ्या किंवा कॅल्शियम घेतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. डॉक्टरांनी या जातीची गोळी दिलीच असेल तर ती दूध, लोह, कॅल्शियम किंवा आम्लपित्ताचे पातळ औषध यांच्याबरोबर घेऊ नये; ती अंगी लागत नाही. दोहोंत काही तासांचे अंतर ठेवावे, किती ते विचारून घ्यावे.

दुकानदारांवर माझा राग नाही, त्यांतले पुष्कळ जण मध्यरात्री दार वाजवले तरी उघडतात. पण त्यांची ती कात्री मला खटकते. आपण “दोन दिवसांच्या द्या” म्हणतो, ते पाकिटाचा तुकडा कापून देतात, आणि नाव नेमके उरलेल्या भागावर दुकानातच राहते. हातात चार गोळ्या, पण त्या कशाच्या हे कुणालाच माहीत नाही. आमच्या सासूबाईंच्या डब्यात असे तुकडे असते तर डॉक्टरांनी काय ओळखले असते? नाव दिसेल असा तुकडा मागावा, किंवा पावती घ्यावी. पावती मागणे हा आपला हक्क आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. सरकारने ऑगस्ट २०१३ मध्ये अनुसूची एच-वन नावाची यादी काढली, ती १ मार्च २०१४ पासून लागू आहे. लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन तिच्यात आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत, आणि विकताना दुकानदाराने रोग्याचे व डॉक्टरांचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवायची असा नियम आहे. २०१६ पासून सरकार पाकिटावरच्या उभ्या लाल रेघेचाही प्रचार करते. ती रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. नियम चांगले आहेत. आपल्या नाक्यावर ते किती पाळले जातात हे आपण सगळ्याजणी जाणतोच.

एक गोष्ट मात्र अगदी कान देऊन ऐका, कारण इथे माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ झाला तर जिवावर बेतेल. क्षयरोग साध्या औषधांना दाद देत नाही तेव्हा त्यावरच्या उपचारांत लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन हा एक मुख्य आधार असतो. ते महिनोन् महिने घ्यावे लागते. मुंबई आणि आसपासच्या भागात अशा दाद न देणाऱ्या क्षयाचे रोगी पुष्कळ आहेत, आपल्या चाळींतही आहेत. २०२४ साली सरकारने या रोगासाठी सहा महिन्यांचा नवा उपचार मंजूर केला, त्यातही मॉक्सिफ्लॉक्सासिन आहेच. तिथे दुसऱ्या पारड्यात जीव असतो. अशा रोग्याची टाच दुखली तर त्याने आपल्या मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत. त्याच दिवशी क्षयरोग केंद्रात जाऊन सांगायचे, जिने आणि ओझी टाळायची, आणि काय बदलायचे ते त्यांना ठरवू द्यायचे. क्षयाच्या दुसऱ्या काही गोळ्यांनीही सांधे दुखतात, त्यामुळे दुखणे कशाचे हे आपल्याला घरी कळणे शक्य नाही. क्षयरोग्यांसाठी सरकारचा फुकट दूरध्वनी आहे, १८००-११-६६६६.

शेवटी कामाची गोष्ट. औषधाने अपाय झाला असे वाटले तर ते कळवण्याची सोय आपल्या देशात आहे, हे मला या दुखण्यापर्यंत ठाऊक नव्हते. २०१० पासून त्यासाठी सरकारी कार्यक्रम चालू आहे, त्याची कचेरी गाझियाबादला आहे, आणि जागोजागच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रे आहेत. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात आहे. डॉक्टरांनीच कळवले पाहिजे असे नाही, रोगी किंवा त्याच्या घरचे माणूसही कळवू शकते. त्यांचा फुकट दूरध्वनी १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी चालू असतो. अपाय औषधानेच झाला अशी खात्री नसली तरी चालते. ती पारख करणे त्यांचे काम. एक साधा फॉर्म असतो: रोग्याच्या नावाची आद्याक्षरे, वय, औषधाचे नाव, ते कधी सुरू केले, कधी थांबवले, काय झाले. आम्ही सासूबाईंचा भरून पाठवला. त्यांना विचारले, “लिहायचे का?” तर म्हणाल्या, “लिही की. आणि तो आवाज झाला तेही लिही.” लिहिले.

हे फॉर्म मी छापून आणून आपल्या वाचनालयाच्या कपाटात, डावीकडच्या खणात ठेवले आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते पाच मी तिथे असते. कुणाला भरायला मदत लागली तर मी करीन, आणि औषधाचे पाकीट बरोबर आणलेत तर ती चार अक्षरे आपण दोघी मिळून शोधू.